जवळ्याचं चित्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीबाही मागत राहायची, म्हणजे विषय इकडे वळायला नको. आता पंचाहत्तरी उलटली. दात गेले, पण जीभ अजून तिखट आहे असं सुना म्हणतात. म्हणोत बापड्या! त्या तिखट जिभेला ही एक गोष्ट इतक्या वर्षांत उच्चारता आली नाही, हे त्यांना कुठं ठाऊक आहे?

तुम्ही म्हणाल, असं काय मोठं केलंस बाई? कुणाचा गळा कापलास? छे हो. मी फळ्यावरचं एक चित्र काढून घेतलं. पोस्टकार्डाएवढं चित्र. एवढंच.

एवढंच — असं मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल!

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. यजमान ड्रॉइंग ऑफिसात, घरात सासूबाई, दोन वर्षांचा अरुण, आणि मी — मॅट्रिक पास झालेली आणि दिवसभर पोळपाट-लाटणं हातात घेऊन बसलेली. तेव्हा कॅम्पात — उल्हासनगरला आम्ही कॅम्पच म्हणायचो — सिंधहून आलेल्या लोकांसाठी एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजूबाजूच्या चार-पाच शिकलेल्या बायका गोळा केल्या आणि आम्हाला आहारशास्त्र शिकवलं. चौरस आहार म्हणजे काय, जीवनसत्त्वं कशात असतात, भाजी धुऊन मग चिरायची की चिरून मग धुवायची, पेज ओतून का द्यायची नाही. तीन महिने शिकलो, आणि मग आम्ही वस्त्यांवर जाऊन बायकांना शिकवायचं. माझ्या वाट्याला सोमवारी कॅम्प चार आला आणि गुरुवारी पालेगाव.

काय सांगू तुम्हाला, मी हवेत होते! घरातून एकटी बाहेर पडायचं, हातात पिशवी, काखेत फळा, आणि लोकांनी "बाई आल्या, बाई आल्या" म्हणायचं. जन्मात कुणी मला उठून जागा दिली नव्हती हो.

तो फळा साधा नव्हता. लाकडी चौकटीवर राखाडी फ्लॅनेल ताणून बसवलेलं आणि चित्रांच्या पाठीला काचपेपरचे तुकडे डकवलेले. चित्र नुसतं टेकवलं की फ्लॅनेलला चिकटायचं. बायकांना ती जादूच वाटायची. दुधाचं चित्र, डाळींचं, पालेभाजीचं, नाचणीचं, अंड्याचं. आणि एक चित्र डॉक्टरीणबाईंनी खास ह्या भागासाठी स्वतः रंगवलं होतं — सुपात पसरलेला सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारकी कोलंबी. गुलाबीसर, बारीक बारीक, एकेकाला काळा ठिपक्याएवढा डोळा. त्या मला म्हणाल्या होत्या, "तिथं सगळ्यांत आधी हे लावायचं. ह्या बायकांच्या घरी दूध टिकत नाही, डाळ रोज परवडत नाही. जवळा सालासकट पोटात जातो, पोरांच्या हाडांना चुना त्यातनंच मिळतो. त्या जे चांगलं खातात ते चांगलं आहे असं सांगणं हेसुद्धा आपलं काम आहे." मी वहीत लिहून घेतलं होतं, अगदी खाली रेघ मारून. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे ध्यानात ठेवा.

पालेगावात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर वर्ग भरायचा. दहा-बारा बायका यायच्या, सगळ्या शेतकरी घरांतल्या, भात लावणाऱ्या, गवत कापणाऱ्या, शाळेची पायरी कधी न चढलेल्या. त्यांच्यात चांगुणा होती. वय असेल बावीस-तेवीस. सावळी, उंच, हसली की डोळे पार मिटायचे. कडेवर वर्षाची कमळी. त्याआधीचं पहिलं पोर वर्षाच्या आतच गेलेलं. त्यामुळे ही वर्गाला यायची ती काही इतर बायकांसारखी दुपारचा विसावा म्हणून नाही. मी बोलायला लागले की ती माझ्या तोंडाकडे अशी बघत राहायची, की मला मधूनच पदर सावरावासा वाटायचा. एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारायची. घरी जाऊन तसंच्या तसं करायची. पेज ओतायची बंद केली, तांदूळ सडायचा कमी केला, शेवग्याचा पाला घातला. पुढच्या गुरुवारी येऊन सांगायची, "बाय, केला. कमलीनं खाल्ला." एखाद्या मास्तराला आणखी काय हवं असतं हो?

वर्ग सुटला की ती मला बांधावरून रस्त्यापर्यंत सोडायला यायची, फळा स्वतःच्या डोक्यावर घेऊन. कधी चार वालाच्या शेंगा, कधी काकडी पिशवीत टाकायची. मी तिला सही करायला शिकवलं होतं. 'चांगुणा' लिहिताना तिचा अनुस्वार नेहमी चुकून 'गु'च्या डोक्यावर जाऊन बसायचा, आणि मग आम्ही दोघी हसायचो. मैत्रीणच म्हणा ना. म्हणजे मी तेव्हा म्हटलं नसतं. आज म्हणते.

तर जवळ्याचं ते चित्र मी एकदाच लावलं. लावलं मात्र, ओट्यावर एकच गलका! "आमचा जवला फल्यावर!" म्हणून बायका एकमेकींना ढोसायला लागल्या. कधी कुणा शिकलेल्या माणसानं त्यांच्या जेवणाला बरं म्हटलंच नव्हतं. चांगुणाला तर कोण आनंद झाला. पुढच्या गुरुवारी ती डबा घेऊन आली. लसूण-मिरची घालून भाजलेला जवळा आणि तांदळाची भाकर. माझ्यासाठी नव्हे हो — मी खात नाही हे तिला माहीत होतं. वर्गात दाखवायला म्हणून. मोठ्या मायेनं तिनं तो डबा मी ओट्यावर अंथरलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला आणि झाकण उघडलं.

मी मागं सरकले. खरं तेच सांगते. आमच्या घरात मासळीचं नाव काढायचं झालं तरी आवाज खाली जायचा. मी नाकाला पदर लावला नाही, तेवढी माणुसकी होती माझ्यात. पण वास लुगड्याला बसला. घरी आले तर सासूबाईंनी दारातच थांबवलं. मागच्या दारी नेऊन डोक्यावरून पाणी घातलं आणि म्हणाल्या, "शिकवायला जातेस की मासळी बाजारात जातेस? हे असंच चालणार असेल तर पुरे झाली ती समाजसेवा." यजमान पेपरात डोकं घालून बसले.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारीच्या धाकानं केलं बिचारीनं. तसं समजू नका. वर्ग बंद पडेल ही भीती होतीच, ती नव्हती असं कशाला म्हणू? पण सासूबाईंनी मला खोटं बोल असं कुठं सांगितलं होतं? मी नुसतं चित्र लावायचं थांबवलं असतं, "डबे आणू नका गं बायांनो" म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण मला नुसतं थांबायचं नव्हतं. त्या वासाची मला किळस होती, आणि आपली किळस हेच शास्त्र, असं मला मनातून वाटत होतं. शिकलेल्या माणसाची ही खोड मोठी वाईट असते.

आधी कॅम्पात तालीम झाली म्हणा. सोमवारी चार नंबरात फळा मांडला, तर एक सिंधी बाई, चांगली थोराड, चष्म्यातून निरखून म्हणाली, "भेण, सब है, मच्छी किधर है?" मी म्हटलं, "इधर ताजा नहीं मिलता." ती खो-खो हसली आणि शेजारणीला सिंधीत काहीतरी म्हणाली. तिला काय फरक पडणार होता? तिला जे खायचं ते ती खाणारच होती. पण मला कळलं, की खोटं बोललं तरी आभाळ कोसळत नाही.

आणि मग तो गुरुवार आला. वैशाखातला. पालेगावच्या बायका आगोटीच्या तयारीत होत्या — म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. मिरच्या, मीठ, कांदे, आणि सुकी मासळी. कल्याणच्या बाजारातून जवळा, बोंबील, सुकट टोपल्या भरून आणायची, उन्हं दाखवून मडक्यांत भरून ठेवायची, ती दिवाळीपर्यंत पुरवायची. हे मला माहीत होतं. चार महिने त्यांच्या घरात दुसरं काही नसतं, हेही माहीत होतं.

चांगुणानं विचारलं, "बाय, आपला जवल्याचा चित्र कुठं गेला?"

मी म्हटलं — आणि बघा, इतकी वर्षं झाली तरी शब्द जसेच्या तसे आठवतात — मी म्हटलं, "ते आता काढून टाकलं. वर मोठ्या डॉक्टरांनी नवीन शोध लावलाय. अंगावर पाजणाऱ्या बाईनं आणि लहान मुलांनी सुकी मासळी खायची नाही. दूध नासतं. मुलांच्या अंगावर खरूज उठते."

मग एक म्हातारी तोंडातली मिसरी थुंकून म्हणाली, "मंग आमी नव पोरा कशावर वारवली?" बायका हसल्या. उठून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्यांनी दरवर्षीसारख्या टोपल्या भरून मासळी आणली. एकीनंही माझं ऐकलं नाही. देव त्यांचं भलं करो.

एकीनं ऐकलं.

चांगुणानं त्या वर्षी जवळ्याची आगोट केली नाही. सासूशी भांडली. आधीचं पोर गेलं होतं ना — त्या माउलीला वाटलं असणार, हेच तर नव्हतं कारण? आपणच तर नाही मारलं त्याला? हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. नंतर सुचलं, आणि त्या दिवसापासून जेवताना कधीतरी घास तोंडातच राहतो.

तिनं मला अभिमानानं सांगितलं, "बाय, मी जवला सोरला. सासू बोलत नाय माज्याशी. नको बोलू." आणि डोळे मिटून हसली. मला काय वाटलं असेल? लाज? कसली लाज! मला आनंद झाला हो. घरी येऊन यजमानांना म्हटलं, "बघा, शिक्षणानं माणूस कसा बदलतो." ते शांत माणूस. म्हणाले, "बरं. पण मासळीच्या ऐवजी ती खाते काय?" मी म्हटलं, "दूध, डाळ." "त्यांच्या म्हशीचं दूध तर रोज सकाळी कॅम्पातल्या हलवायाकडे जातं ना? किटली घेऊन जाताना दिसतो तिचा नवरा." मी भडकले. म्हटलं, "तुम्हाला आहारशास्त्रातलं काय कळतं?" झालं, ते पुन्हा पेपरात.

आणि एक सांगायचं राहिलं. टाळत होते, पण सांगते. त्याच पावसाळ्यात आमचा अरुण किरकिर करायचा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला माशाच्या तेलाची बाटली दिली होती. मी रोज सकाळी त्याचं नाक दाबून एक चमचा ओतायची. सासूबाई म्हणायच्या, औषधाला विटाळ नसतो. मीही तेच म्हणायची. माझ्या पोराच्या हाडांना मासा चालत होता बरं का — बाटलीतून आला म्हणून.

पाऊस सरला, दिवाळी झाली आणि डॉक्टरीणबाई पालेगावला मुलं तपासायला आल्या. मी टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलेली, प्रत्येक मुलाचं एक कार्ड. चांगुणाची पाळी आली. कमळी आता दीड-पावणेदोन वर्षांची. आईच्या बोटाला धरून दोन पावलं टाकायची आणि मट्कन बसायची. तिच्या पायांकडे मी आधी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. दर गुरुवारी पाहत होते. गुडघे बाहेर फाकलेले, मनगटं जाड, कपाळ पुढं आलेलं. ही लक्षणं माझ्याच वहीत लिहिलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन पाहिले. म्हणाल्या, "मुडदूस." मग चांगुणाला विचारलं, काय खायला देतेस, अंगावर किती दिवस पाजलंस, उन्हात नेतेस का. चांगुणा सांगत होती. भात, पेज, शेवग्याचा पाला. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "आणि जवळा?"

चांगुणानं माझ्याकडे पाहिलं.

एवढ्या वर्षांत ती नजर मी कुणाला सांगितली नाही, आणि आजही ती सांगता येईल की नाही कोण जाणे. त्यात राग नव्हता. विचारणं होतं — बाय, हे काय? डॉक्टरीन असं का विचारते? आणि मग माझ्या तोंडावर तिला जे दिसलं असेल ते दिसलं, आणि तिला सगळं समजलं. न शिकलेली बाई, पण माझा चेहरा तिला वाचता आला.

मी काय करायला हवं होतं? एक वाक्य. "बाई, तिनं माझं ऐकलं, मी चुकीचं सांगितलं." सात शब्द. माझ्या हातात पेन्सिल होती, मी तिचं टोक बघत बसले.

चांगुणा म्हणाली, "जवला नाय मिलाला आवंदा."

डॉक्टरीणबाई तापट होत्या. त्यांनी तिला सगळ्या गावासमोर फाडून खाल्लं. सगळ्या घरांनी मडकी भरली आणि तुलाच तेवढा मिळाला नाही? एक पोर घालवलंस, दुसऱ्याचे पाय वाकडे केलेस, आई आहेस की कोण? चांगुणा मान खाली घालून उभी. तिची सासू ओट्याच्या कडेला बसून डोळ्यांना पदर लावत होती. म्हातारीला खरं काय ते माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, आणि चांगुणानं तिचा हात दाबला. मी पाहिलं ते.

मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा. मुडदूस. कारण — आईचे दुर्लक्ष."

आणि मी लिहिलं. माझ्या सुरेख, वळणदार अक्षरात. आईचे दुर्लक्ष.

त्या दिवशीही ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. डोक्यावर फळा, कडेवर कमळी. मी मनात म्हणत होते, आता विचारेल, आता विचारेल. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी रडले तरी असते. रस्ता आला तशी तिनं फळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डाक्टरीन लय तापट हाय. मागशी तुमाला काय बोलली नाय ना?"

मी म्हटलं, "नाही."

फळा काखेत मारला आणि रस्त्याला लागले.

कमळीला माशाचं तेल सुरू झालं. अरुणच्याच बाटलीसारखी बाटली, मीच पोचवायची. चांगुणाच्या सासूनं शेजारणीकडून जवळा आणला. पोर उभी राहिली, चालायला लागली, पाय बरेचसे सरळ झाले. बरेचसे. डावा गुडघा तेवढा बाहेरच राहिला. चालताना ती थोडी डुलायची, बोटीसारखी.

पुढच्या वैशाखात काय झालं सांगू? आगोटीला जायच्या आदल्या दिवशी चांगुणा क्वार्टर्सपर्यंत चालत आली, मागच्या दारी उभी राहिली. म्हणाली, "बाय, आवंदा जवला घेऊ कं?" कशाला विचारलं तिनं? तिला माहीत होतं की! मला वाटतं, ती मला दार उघडून देत होती. आता तरी बोल, म्हणत होती. आणि मी शहाणी, मी काय बोलले? "घे. आता पुन्हा नवीन शोध लागलाय, चालतो म्हणतात."

ती खळखळून हसली. "तुमचा शास्तर लवकर फिरला बाय!" एवढं म्हणाली आणि गेली. त्या हसण्यात टोचणी होती का? मी खूप शोधली. सापडली नाही.

चित्र मी परत लावलं. डॉक्टरीणबाई पुढं बदलून गेल्या, माझं चार ठिकाणी कौतुक झालं, वर्ग बदलापूरपर्यंत वाढले. 'शिकवायचं तर ह्या बाईंनी' असं लोक म्हणायचे. मी मान खाली घालायची, आणि त्याला लोक नम्रता म्हणायचे.

चार-पाच वर्षांनी चांगुणाला मुलगा झाला. बारशाला तिनं मला बोलावलं. सासूबाई तोवर गेल्या होत्या, तरी मी जाऊ की नको करत होते. गेले. अंगणात मांडव, एका बाजूला मोठ्या चुली, मासळीचा घमघमाट. आणि मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली, तीन दगडांची एक वेगळी चूल. तिच्यावर एक कोरं मडकं. चांगुणा नुकती न्हालेली, पाच आठवड्यांची बाळंतीण, फुंकणी घेऊन त्या चुलीशी बसलेली. मला म्हणाली, "बाय, मडका नवा हाय. पानी मीच आनला. मासलीचा हात कुनाचा लागला नाय."

वालाचं बिरडं आणि भात होता. घरात एवढं कार्य असून तिनं स्वतः सकाळपासून माशाला हात लावला नव्हता, मी जेवेपर्यंत लावणार नव्हती. का, तर माझ्या जेवणाला वास लागू नये.

पत्रावळ घेऊन कमळी आली. सहा-सात वर्षांची, परकर-पोलक्यात, डुलत डुलत. बिरडं सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून. तिनं पत्रावळ माझ्यापुढं ठेवली आणि आईकडे बघितलं, बरोबर झालं का म्हणून.

माझं जेवण तिनं असं सांभाळलं हो. आणि तिचं मी —

मी जेवले. पोटभर जेवले. चांगुणा समोर बसून वाढत होती आणि अजून घ्या, अजून घ्या म्हणत होती.

चांगुणा जाऊन बारा वर्षं झाली. पालेगावातल्या त्या ओट्यासमोर आता इमारत आहे. कमळी बदलापूरला हेंद्रेपाड्यात मुलाकडे राहते, संक्रांतीला मला तिळगूळ द्यायला येते. परवा आली तेव्हा जिना चढून दमली होती, डावा गुडघा चोळत खुर्चीत बसली. मी म्हटलं, "फार दुखतो का गं?" तर म्हणाली, "लहानपणचंच आहे ते, बाई. आई होती ना, ती स्वतःच सांगायची — तुझ्या वेळी माझ्याकडनं हयगय झाली म्हणून. मरेपर्यंत म्हणत होती. भोळी होती बिचारी, पण पोराकडे बघायला नको का आईनं?"

आणि मी तिला म्हटलं, "चहा घेतेस ना?"

जवळ्याचं ते चित्र माझ्याकडे आहे अजून, शिवणाच्या डब्यात, तळाशी. रंग उडाला, पाठीचा काचपेपर तेवढा खरखरीत आहे. कमळीला मी काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, तिला नाही — म्हणजे आजही मी सोप्या माणसाशीच बोलते आहे, हे मला कळतं. पण ते कार्ड माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तेव्हा ते माझ्याच अक्षरात खोडते. कमळीच्या आईचं दुर्लक्ष झालं नव्हतं. तिला जसं सांगितलं तसं तिनं केलं. सांगणारी मी होते.